मधलं विचारू नये

‘दोघा भावांचं फाटलं’ एवढ्या बातमीवर मराठी माणसाचं समाधान होत नाही. फाटलं कशावरून, आवाज आधी कुणी चढवला, थोरल्याची बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती की दाराआड, चहा झाला होता की कप तसेच निवत होते, हे सगळं क्रमवार कळल्याशिवाय त्याला त्या फाटण्याचं दुःख नीट साजरं करता येत नाही. न्यूटनच्या नियमांनी गणित सोडवण्याची रीत या स्वभावाला अगदी धरून आहे. वस्तूवर या क्षणी कोणकोणती बलं लागली आहेत, त्यांची बेरीज किती, त्यामुळे त्वरण किती, त्या त्वरणाने पुढच्या क्षणी ती कुठे गेली, तिथे पुन्हा बलं कोणती, अशी चौकशी करत करत वस्तू एकदाची मुक्कामाला पोचते. रीत निर्दोष आहे. फक्त ती चाळीच्या कठड्यावरची आहे. सगळं दिसतं, सगळं विचारलं जातं आणि त्यात संध्याकाळ होते. ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेचे नियम वेगळ्या घराण्यातले. त्यांचा स्वभाव मुनिमाचा. मुनीम दोनच गोष्टी विचारतो: सकाळी गल्ल्यात किती होते आणि रात्री किती आहेत. दरम्यान दुकानात कोण आलं, कोण भांडलं, कुणाचं लग्न जमलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. भौतिकशास्त्राची साधी गणितं सोडवताना कठड्यावरून उठावं आणि गादीवर मुनिमाशेजारी बसावं, असं माझं म्हणणं आहे. आणि ही बैठक दिसते तितकी आरामाची नाही, हे त्याच म्हणण्याचं दुसरं अंग.

बागेतली घसरगुंडी घ्या. साधी सरळ नव्हे. हल्ली निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या असतात तशी, दोन वळणं आणि मध्ये एक विनाकारण फुगवटा असलेली. उंची तीन मीटर. वरून सुटलेलं मूल खाली किती वेगाने पोचेल? चौकशीच्या मार्गाने जायचं तर प्रत्येक ठिकाणचा उतार मोजावा लागेल, आणि तो फुगवटा बनवणाऱ्याने कुठल्याही समीकरणावरून घेतलेला नसतो. मुनीम वही उघडतो. आरंभीची शिल्लक: स्थितिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. गतिज ऊर्जा शून्य, कारण मूल अजून वर बसून आईचं लक्ष आहे ना, हे बघतंय. अखेरची शिल्लक: उंची संपली, सगळी रक्कम गतिज खात्यावर वळती झाली, म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वस्तुमान दोन्हीकडे आहे, ते कटलं. वेगाचा वर्ग ५८.८, वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटर. वळणांचं नावही निघालं नाही. मूल वीस किलोचं की चाळीस, तेही विचारावं लागलं नाही. गुटगुटीत मुलांच्या आयांना असा दिलासा फार थोड्या ठिकाणी मिळतो. हीच ओळ मोठ्या अक्षरांत सह्याद्रीवर लिहिलेली आहे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून साधारण पाचशे मीटर खाली येतं. घर्षणाची वजावट बाजूला ठेवली तर तोटीशी त्याचा वेग सेकंदाला ९९ मीटर भरतो, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. नळ डोंगरात कुठे वळला, कुठे मुरडला, हे उत्तराला ठाऊकच नाही. हे पाणी पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतं, आणि वाट्या पाण्याच्या साधारण निम्म्या वेगाने पळाव्यात अशी योजना असते. तसं केलं की वाटीत उलटं वळून बाहेर पडणारं पाणी जमिनीच्या दृष्टीने जवळजवळ उभंच राहतं. त्याच्या खात्यावरचा शेवटचा पैसासुद्धा काढून घेतलेला असतो. अशी चोख वसुली सावकारांनाही जमली नसेल.

पण या रीतीचं खरं तेज उत्तर काढण्यात नाही, नकार देण्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपोआप फिरणाऱ्या एका चक्राचं वर्णन केलं आहे. पोकळ आरे, प्रत्येकात अर्धवट पारा, तोंडं बंद. चक्र फिरू लागलं की एका बाजूचा पारा परिघाकडे धावतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे. परिघाकडची बाजू जड, म्हणून चक्र फिरतच राहणार. भास्कराचार्य म्हणजे ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आजही आहे, असा माणूस. त्यांच्या गणिताला हात लावण्याची आपली प्राज्ञा नाही. चक्र मात्र फिरणार नाही. ते का फिरणार नाही हे बलांच्या भाषेत सांगायला बसलं तर दमछाक होते. कुठल्या आऱ्यात पारा किती, आसापासून किती लांब, परिघाकडे थोडे आरे आणि आसाकडे जास्त, हे सगळं मोजून शेवटी दोन्ही बाजू सारख्या भरतात असं निघतं. आणि तेवढ्यात एखादा हुशार मनुष्य आऱ्यांना थोडा बाक देतो आणि म्हणतो, आता मोजा. मुनीम मोजतच नाही. एक पूर्ण फेरी झाली की प्रत्येक थेंब पारा होता तिथेच, त्याच उंचीला परत आला; आरंभीची आणि अखेरची शिल्लक सारखी; मग आसाच्या घर्षणाचा खर्च कोण देणार? आरे सरळ असोत, वाकडे असोत, नक्षीदार असोत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली जाहीर केलं की अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासले जाणार नाहीत. वाचून वाटतं, काय हा उद्धटपणा. पण ज्या कार्यालयाला दर आठवड्याला ‘एकदा पाहून तर घ्या’ असा अर्ज येत असेल, त्याच्या दृष्टीने पाहा. सगळे अर्ज वेगवेगळे, आणि सगळ्यांत घोळ एकच: मधल्या भागाचं वर्णन फार सुंदर.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा मास्तरांकडून येतो. ही आळशाची वाट आहे; सूत्र पाठ केलं, दोन्ही बाजू समान लिहिल्या, झालं गणित; मुलाला निसर्गात काय घडतंय ते कळलंच नाही. या आक्षेपाला गोळीने उत्तर देता येतं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायची युक्ती छापली. सेकंदाला शेकडो मीटर धावणाऱ्या वस्तूचा वेग, तोही सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारं घड्याळ नसताना! (हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासेच्या दक्षिणेला एका किल्ल्यात वारला.) युक्ती अशी: लाकडाचा ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची, गोळी रुतली की ठोकळा किती झुलला ते पाहायचं. आकडे घेऊ. गोळी दहा ग्रॅम, वेग सेकंदाला ४०० मीटर, ठोकळा गोळीसकट चार किलो. ऊर्जेचा हिशेब नुकताच शिकलेला उत्साही विद्यार्थी म्हणेल, गोळीची गतिज ऊर्जा ८०० जूल, ती सगळी उंचीत वळती करू. उत्तर येतं वीस मीटर. म्हणजे ठोकळा सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे खाली आणणार. प्रत्यक्षात तो वर जातो जेमतेम पाच सेंटिमीटर. कारण गोळी लाकडात घुसताना जो राडा होतो, लाकूड फाटतं, तापतं, आवाज होतो, त्यात ८०० पैकी ७९८ जूल जातात. त्या क्षणी ऊर्जेचं खातं उघडणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापाकडे शिल्लक विचारणं. तिथे संवेगाचं, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचं, खातं उघडावं लागतं: दहा ग्रॅम गुणिले ४०० बरोबर चार किलो गुणिले वेग, ठोकळ्याचा वेग सेकंदाला एक मीटर. आणि धडक संपून ठोकळा वर झुलायला लागला की संवेगाची वही मिटायची, कारण आता दोरी आणि पृथ्वी दोघी त्यात हात घालत आहेत; आणि ऊर्जेची उघडायची, कारण दोरी गतीला सतत काटकोनात ओढते, तिचं कार्य शून्य. एकाच गणितात मध्येच वही बदलायची, आणि नेमकी कुठे ते ओळखायचं. आळशी माणसाला हे जमलं असतं तर त्याला कुणी आळशी म्हटलं नसतं.

मुलांची ही चूक तुच्छ मानू नये. युरोपातल्या थोर डोक्यांनी तीच चूक दोन्ही बाजूंनी अर्धशतक केली. देकार्तचं म्हणणं होतं, जगात जपली जाते ती वस्तुमान गुणिले वेग ही रक्कम. लायब्निट्सने १६८६ साली लिहिलं की छे, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. झालं, दोन तट पडले. नेदरलँड्समध्ये ग्राव्हेसांदे यांनी पितळी गोळे मऊ चिकणमातीत टाकून पाहिले: वेग दुप्पट केला की खड्डा चौपट. वर्गवाल्यांना पुरावा मिळाला. एमिली द्यू शातले या विदुषीने १७४० साली आपल्या ग्रंथात तो पुरावा घेऊन लायब्निट्सची बाजू मांडली आणि पॅरिस अकादमीच्या सचिवांशी छापील भांडण केलं. पुढे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतरही तिनेच केलं, जे तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. गंमत अशी की दोन्ही रकमा खऱ्या आहेत. एक वही संवेगाची, दुसरी ऊर्जेची. फक्त देकार्त दिशा लिहायला विसरला होता आणि लायब्निट्स अर्धा लिहायला. तो अर्धा कोरिओलीने १८२९ च्या सुमारास रीतसर बसवला. जो अर्धा युरोपला दीडशे वर्षं सापडला नाही तो दहावीच्या पोराकडून एकदा राहिला तर त्याच्या वहीवर एवढं मोठं लाल वर्तुळ काढायचं कारण नाही.

दिशेचा मुद्दा मात्र सोडण्यासारखा नाही, कारण दोन वह्यांचा स्वभाव तिथेच वेगळा होतो. ऊर्जेला दिशा नसते, म्हणून ती अब्जावधी रेणूंच्या गडबडीत बेमालूम लपू शकते. त्या लपलेल्या ऊर्जेला आपण उष्णता म्हणतो. संवेगाला हे करता येत नाही. रेणू वाटेल तसे इकडेतिकडे धावले की त्यांचे संवेग एकमेकांना खोडतात. गर्दीत संवेग लपवताच येत नाही. म्हणून धडकेनंतर ऊर्जेची जबानी अविश्वसनीय आणि संवेगाची पक्की. कॅरम खेळणाऱ्याला हे हाताने माहीत असतं, फक्त तोंडाने सांगता येत नाही. स्ट्रायकर साधारण पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाचाची. समोरासमोर स्वच्छ धडक झाली आणि उष्णतेत फारसं गेलं नाही, तर दोन्ही वह्या एकदम मांडून उत्तर निघतं: सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्या मागोमाग जातो. सरळ रेषेत भोकात घातलेल्या सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकर आत जातो आणि दंडाची सोंगटी परत पटावर येते, यात नशिबाचा काही संबंध नाही. तीन पट वजनाचा हा कायदेशीर परिणाम आहे. बिलियर्ड्समध्ये दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे, म्हणून तिथे मारणारा चेंडू समोरच्याला सगळं देऊन सभ्यपणे थांबू शकतो. कॅरममध्ये तो सभ्यपणा वजनातच नाही. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते: मोकळ्या एका सोंगटीला कितीही तिरका मारा, धडकेने स्ट्रायकर आपल्या वाटेवरून वीस अंशांपेक्षा जास्त वळू शकत नाही. कोपऱ्यात उभं राहून ‘कट मार, कट मार’ म्हणणाऱ्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी. संवेगाच्या वहीवर अविश्वास दाखवणं महागात पडतं. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखाच्या पानावर रॉकेटवाल्या रॉबर्ट गोडार्ड यांची कीव केली, की अवकाशाच्या पोकळीत रॉकेटला रेटायला हवा नसते, एवढं शाळकरी ज्ञानही यांना नाही. रॉकेटला हवेची गरजच नव्हती. त्याने मागे फेकलेल्या वायूचा संवेग आणि त्याला स्वतःला मिळालेला संवेग यांची बेरीज शून्य आली की पुरे. वृत्तपत्राने दुरुस्ती छापली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड १९४५ सालीच गेले होते.

दुसरा आक्षेप मास्तरांचा नाही, सामान्य माणसाचा आहे, आणि तो जास्त सज्जन आहे. डोळ्यांसमोर तर काहीच अक्षय्य दिसत नाही. झोका थांबतो, चेंडू थांबतो, भोवरा पडतो, आणि घसरगुंडीवरचं मूल ताशी २८ च्या वेगाने कधीच येत नाही. ते येतं त्याच्या निम्म्याने, नाहीतर त्याच्याही खाली. बरोबर आहे. निम्म्या वेगाने आलं म्हणजे ऊर्जेचा चौथा हिस्साच गतिज खात्यात पोचला. वीस किलोच्या मुलाचे ५८८ जूल धरले तर ४४१ जूल चड्डी आणि प्लास्टिक यांनी वाटून घेतले. तेवढ्यात पाऊण कपाहून कमी, म्हणजे शंभर ग्रॅम पाणी एका अंशाने तापलं असतं. उष्णता हे निसर्गाच्या वहीतलं ‘किरकोळ खर्च’ नावाचं सदर आहे, आणि गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे की खरे पैसे त्याच सदरात जातात. मुद्दा हद्दीचा आहे. हिशेब कुणाचा मांडतोय ते आधी ठरवावं लागतं: एकट्या मुलाचा, मूल आणि घसरगुंडी मिळून, की पृथ्वीसकट? पुस्तकं त्याला प्रणाली म्हणतात. आपण हद्द म्हणू, कारण तिच्यावरून होणारी भांडणं त्याच जातीची आहेत. उभ्या होडीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाणारा माणूस समजतो की आपण तीन मीटर चाललो. माणूस साठ किलोचा, होडी एकशेवीसची, पाण्याचा अडथळा नगण्य धरला तर होडी एक मीटर मागे सरकते आणि माणूस किनाऱ्याच्या दृष्टीने दोनच मीटर पुढे जातो. त्याने हद्द स्वतःपुरती आखली होती. होडी तिच्या बाहेर राहिली आणि पाय टाकायला धक्का होता तिथे पाणी निघालं. मँचेस्टरजवळच्या दारूभट्टीवाल्या जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात हे ‘किरकोळ खर्च’ सदर एकदाचं तपासलं: वजन खाली सोडायचं, त्याने पाण्यातली वल्ही फिरवायची, पाणी किती तापतं ते मोजायचं. दर खेपेला तेवढ्याच कार्याला तेवढीच उष्णता. नव्या नवरीसह आल्प्समध्ये गेलेले जूल लांबलचक तापमापी घेऊन धबधब्याचं पाणी खाली किती तापतं ते मोजायच्या खटपटीत भेटले, असा किस्सा भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन सांगत. शंभर मीटरच्या धबधब्याला जेमतेम पाव अंश. नवरीचं मत उपलब्ध नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि हा खरा बोचरा आहे. हिशेब जुळला की नियम खरा. नाही जुळला की नवं सदर उघडायचं आणि तफावत त्यात टाकायची. उंची संपली तर गती, गती संपली तर उष्णता, तीही पुरेना तर आणखी काही. अशी वही कुठल्याही भामट्याची जुळेल. मग हा निसर्गाचा नियम की आपली सोय? याला पोकळ उत्तर चालणार नाही, कारण असा प्रसंग खरोखर आला होता. १९२० च्या दशकात बीटा ऱ्हासाचा हिशेब जुळेना. अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडे, पण दर वेळी वेगळी ऊर्जा घेऊन, आणि बहुतेक वेळा असायला हवी त्याहून कमी. उरलेली गेली कुठे, पत्ता नाही. नील्स बोर यांच्यासारखा मोठा माणूस म्हणू लागला की कदाचित अणूच्या पोटात ऊर्जेचा नियम एकेका घटनेला लागू नसेल, फक्त सरासरीने खरा असेल. वोल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० रोजी ट्युबिंगेनच्या एका बैठकीला पत्र पाठवलं, की वजन जवळजवळ नाही, विद्युतभार नाही, दिसत नाही, असा एक कण ती ऊर्जा घेऊन पळत असावा. स्वतः बैठकीला गेले नाहीत. झुरिकला नाचाचा कार्यक्रम होता आणि तिथे त्यांची उपस्थिती आवश्यक होती, हेही त्यांनी पत्रातच कळवलं. दुकानात तूट आली आणि मुनीम म्हणाला, वही चुकलेली नाही, अदृश्य चोर आहे, आणि असं म्हणून नाचायला निघून गेला. भामट्याचा आणि शास्त्रज्ञाचा फरक इथून पुढे दिसतो. भामट्याचं ‘इतर खर्च’ सदर कधीच उघडून दाखवता येत नाही. पाउलींच्या चोराचं वर्णन त्या तुटीवरूनच इतकं नेमकं ठरत गेलं, की तो असलाच तर कुठे, किती वेळा आणि कसा सापडेल हे सांगता येऊ लागलं. आणि न सापडण्याची मुभाही राहिली नाही. १९५६ साली अमेरिकेत रायनेस आणि कोवन यांनी अणुभट्टीशेजारी तो पकडला. पाउली तेव्हा हयात होते. सव्वीस वर्षं वही उघडी ठेवून वाट पाहणाऱ्या मुनिमाला आपण हट्टी म्हणू शकतो, लबाड नाही. न्यूट्रिनो नावाचा तो कण पुढे १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, वातावरणातून येताना टिपला गेला. त्या चमूत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. सोनं काढायला खणलेल्या भोकात, जवळजवळ वजन नसलेली वस्तू सापडली म्हणून माणसं आनंदली, असे प्रसंग खाणकामाच्या इतिहासात फार थोडे.

शिवाय वही जुळते ती का, यालाही एक कारण आहे, आणि ते गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ साली सिद्ध केलं. ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठाने बाई म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने व्याख्यान द्यायला त्या वेळी परवानगी दिली नव्हती. व्याख्यानं जाहीर होत ती तिथले गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावावर. त्यांच्या सिद्धांताचा आपल्यापुरता अर्थ असा: प्रयोग आज केला काय आणि पुढच्या मंगळवारी केला काय, निसर्गाचे नियम तेच असतील, तर ऊर्जा अक्षय्य असलीच पाहिजे. इथे केला काय आणि कोल्हापुरात केला काय, नियम तेच असतील, तर संवेग अक्षय्य. पूर्वेकडे तोंड करून केला काय आणि दक्षिणेकडे, तर कोनीय संवेग. मंगळागौरीच्या फुगडीत दोघी हात आखडून जवळ आल्या की गिरकी वाढते ती त्याच्या जोरावर. वास्तुशास्त्रवाल्यांनी या तिसऱ्या कलमाकडे जरा लक्ष द्यावं. प्रामाणिकपणासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे: साऱ्या विश्वाचा हिशेब मांडायला गेलं तर पहिलं कलम ढिलं पडतं, कारण प्रसरण पावणारं विश्व काल होतं तसं आज नाही, आणि तिथे एकूण ऊर्जा ही गोष्टच सरळ लिहिता येत नाही. घसरगुंडीला त्याचा त्रास होत नाही.

एक आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. ही वही वेळ सांगत नाही. मूल खाली किती वेगाने पोचेल हे ती सांगेल. किती वेळात, याबद्दल तिचं तोंड बंद. योहान बर्नुली यांनी १६९६ साली युरोपभरच्या गणितज्ञांना आव्हान दिलं, की वरच्या बिंदूपासून खालच्या तिरप्या बिंदूपर्यंत सर्वांत लवकर पोचवणारी घसरगुंडी कुठल्या आकाराची? सरळ रेषा नव्हे. आधी खोल उतरणारी एक वक्र वाट. घर्षण नसेल तर सगळ्या वाटांवरून शेवटचा वेग तंतोतंत एकच, पण पोचण्याच्या वेळा वेगळ्या. मुनिमाला विचारलं तर तो म्हणेल, रक्कम सगळ्यांनी पूर्ण जमा केली, कुणी कधी केली ते माझ्याकडे नाही. वेळ हवी असेल तर परत कठड्यावर जाऊन न्यूटनची क्षणाक्षणाची चौकशी करावी लागते, आणि तिथे ती चौकशी शोभते.

बाकी मुनिमाची रीत किती दूर नेता येते, आणि कुठे सोडावी, ते दर रविवारी सिंहगडावर दिसतं. पायथ्यापासून चढण सुमारे सहाशे मीटरची धरू. सत्तर किलोच्या माणसाने वर चढून मिळवलेली स्थितिज ऊर्जा म्हणजे ४१२ किलोजूल, आहाराच्या भाषेत ९८ कॅलरी. वाट कुठली धरली, किती वेळा दगडावर बसला, फोटो किती काढले, काही फरक नाही. स्नायू हे यंत्र म्हणून फार काटकसरी नाहीत. खाल्लेल्यापैकी चौथा हिस्सा कामाला येतो आणि बाकीचा घामाच्या वाटेने ‘किरकोळ खर्चा’त. म्हणजे प्रत्यक्ष खर्च झाला चारशेच्या आसपास. वर पिठलं-भाकरी, खेकडा भजी, मडक्यातलं दही. उतरताना ते ४१२ किलोजूल गुडघे, बूट आणि वाटेवरचे दगड यांच्यात वाटले जातात. पोटात परत काहीही जमा होत नाही. माणूस पायथ्याशी आला, उंची तीच, वेग शून्य. आरंभीची आणि अखेरची शिल्लक तंतोतंत जुळली, गुरुत्वाकर्षणाने केलेलं एकूण कार्य शून्य, आणि न्यूटनपासून नोएथरपर्यंत कुणाची काही तक्रार नाही. वजनकाट्याची हद्द मात्र वेगळी आखलेली असते, आणि तो नेमकं मधलंच विचारतो: भजी एक प्लेट की दोन?